यादीतला पाचवा नंबर

आधी चहा संपवा. मागच्या खेपेला हे सांगत असताना एकाच्या नाकातून चहा आला आणि माझा पांढरा सदरा कामातून गेला. संपवलात? मग ऐका, मी किती मोठा गाढव आहे ते.

मूकपटांचे दिवस. मी लोणावळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. वय चोवीस. लग्न व्हायचं होतं आणि अक्कल यायची होती. भाताची कापणी झाली की कामशेतच्या बाजारात सोपानरावांचा सिनेमाचा तंबू लागायचा. एरवी हे सोपानराव सायकली दुरुस्त करत. हाताने फिरवायचं मशीन, मुंबईहून रेल्वेने आलेल्या रिळांच्या पेट्या आणि बसायला खाली पेंढा. दर शनिवारी मी गाडी पकडून हजर!

तिथे मला तो सापडला. हॉलिवुडचा एक विनोदी दिग्दर्शक. नाव सांगत नाही, बिचाऱ्याने माझ्या हातून आधीच पुष्कळ भोगलंय. सगळी दुनिया दोन-चार बड्या विदूषकांमागे वेडी, आणि या थोर माणसाला कुत्रं विचारत नव्हतं! म्हणून मी विचारायचं ठरवलं. त्याच्या पाच चित्रपटांची मी गुणानुक्रमे यादी केली. जाड कागदावर, लाल शाईने, शेऱ्यांसकट. ती खिशात घालून मी गावभर हिंडायचो.

पहिला नंबर लग्नाच्या चित्रपटाला. नवरदेव चर्चचं दार उघडतो आणि थेट भर समुद्रात, जहाजावर! चाच्यांशी मारामारी करतो. तिथून उडी मारतो तो परत चर्चमध्ये, आणि आता त्याला हातभर पांढरी दाढी! केवढा काळ लोटला, पण नवरी अजून उभीच! आणि हे सगळं संवादाची एकही इंग्रजी पाटी पडद्यावर न दाखवता. सांगा बरं, अशी झेप कुणाला सुचते?

पाचवा नंबर एका शिंप्याच्या चित्रपटाला. सरळ सुरुवात, सरळ शेवट. त्यापुढे मी शेरा मारला होता, 'कल्पनाशक्तीचा दुष्काळ. दिग्दर्शक आजारी असावा.'

त्याच सुमारास मला वलवणची मुलगी सांगून आली. इंदू. आईला घेऊन बघायला गेलो. इंदूचे वडील पोस्टात. शेजारी तिचा मामा बसलेला, मुंबईच्या एका फिल्म कचेरीत कामाला. इंदूने पोह्यांची बशी पुढे केली, जरा वर पाहिलं, आणि मी खलास! हीच बायको, नाहीतर जन्मभर खानावळीचं वरण.

वडिलांनी विचारलं, "आपल्याला आवड कशाची?"

झालं! मी खिशातून यादी काढली.

अर्धा तास बोललो. पोहे गार झाले. जहाजापाशी आलो तेव्हा मामा म्हणाले, "एक मिनिट, मास्तर. त्या चित्रपटात जहाज नाही."

"आहे."

"अहो, ती पेटी आमच्याच कचेरीतून जाते. मी चारदा पाहिलाय. जहाज नाही!"

"पेट्या पाठवणं निराळं, मामासाहेब, आणि रसग्रहण निराळं!"

आई शेजारून खोकली. तिची ती खूण मला चांगली कळते. पण थांबेल तो मास्तर कसला?

मांडीवर थाप मारून मी म्हणालो, "जहाज नसेल तर तुमच्या मुलीला मागणी घालणार नाही!"

वाक्य आधी तोंडातून बाहेर पडलं आणि मग माझ्या डोक्यात शिरलं.

पुढच्या शनिवारी मामा स्वतः पेटी घेऊन कामशेतला उतरले. दिवेलागणीला सगळे तंबूत. बायकांच्या बाजूला इंदू आणि माझी आई, पुरुषांत मी, मामा आणि इंदूचे वडील. सोपानरावांनी मशीन फिरवलं. नवरदेवाने चर्चचं दार उघडलं.

दारामागे चर्चच होतं! पाद्री, पाहुणे, फुलं. समुद्र राहू द्या, पाण्याचा तांब्यासुद्धा नाही!

खेळ संपल्यावर मी ओरडलो, "सोपानराव! जहाज कुठाय?"

सोपानराव घाम पुसत आले. "त्ये व्हय, गुर्जी! त्या टायमाला मधलं रीळ गाडीनं आलंच न्हाई. मानसं वरडाय लागली. माज्याकडं जहाजाचं एक जुनं रीळ पडलं हुतं, दिलं चिटकवून. लय रंगलं!"

"आणि तो दाढीवाला?"

"त्यो दुसराच मानूस की! येगळ्या खेळातला."

"आणि इंग्रजी पाट्या?"

"त्या कापून टाकतो. हितं वाचतंय कोन?"

मामांनी माझ्या हातून यादी घेतली आणि मोठ्याने वाचायला लागले. दुसरा नंबर? "त्यात बी माजंच घातलंया." तिसरा? चौथा? सोपानराव नव्या नवरीसारखे लाजत मान डोलवत होते. आणि पाचवा, शिंप्याचा?

"न्हाई, त्यो तेवढा अख्खा आलता. त्याला म्या हात लावला न्हाई."

म्हणजे पाहा! ज्या थोर, उपेक्षित दिग्दर्शकावर मी जीव ओवाळून टाकला, तो कामशेतला सायकलींची पंक्चरं काढत होता. आणि हॉलिवुडच्या त्या गरिबाचा खराखुरा असा एकच चित्रपट मी यादी करण्याआधी पाहिला होता, त्याला तळाला टाकून वर आजारी ठरवलं!

सगळा तंबू हसत होता. मला मात्र पेंढ्यात तोंड खुपसून रडावंसं वाटत होतं. इंदू गेली, आणि ती मी माझ्या तोंडाने घालवली. उठलो, वडिलांना हात जोडले. "दिलेला शब्द पाळतो. मागणी घालणार नाही."

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला, "बाबा, ते मागणी घालणार नाहीत, एवढंच ना? मग आपण विचारावं की! एरवी मुलीचा बापच उंबरे झिजवतो ना?"

वडिलांनी मामांकडे पाहिलं. मामा हसून हसून आडवे व्हायचे बाकी होते. आठ दिवसांनी वलवणहून आमच्याकडे रीतसर विचारणा आली.

लग्नानंतर एकदा मी मिशीला पीळ देत विचारलं, "काय गं, एवढं काय पाहिलंस माझ्यात?"

"त्या वर्षी मला पाच स्थळं आली होती," इंदू म्हणाली. "मीही मनातल्या मनात यादी केली होती. तुम्ही पाचवे."

"मग?"

"मग काय? तंबूत तुमचं ते 'शब्द पाळतो' ऐकलं आणि म्हटलं, कल्पनाशक्तीचा दुष्काळ आहे, पण माणूस अख्खा आहे."