आप्पांचं विमान आणि रस्त्यावरची कमान

माझ्या वडिलांच्या अंत्ययात्रेत गॅस कटर लागला.

हो, लोखंड कापायचा गॅस कटर.

आज आप्पा लिंगैक्य होऊन एक वर्ष झालं. वर्षभर मी यावर एक अक्षर लिहिलं नाही. आज लिहिते, कारण दुपारी आई जे बोलली ते कॉलनीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर कुणी टाकणार नाही.

आप्पा लातूरच्या आडत बाजारातले. तुरीचा दाणा दाताखाली धरून भाव सांगणारे. दुकान भावाच्या हाती दिलं आणि घरात करमेना म्हणून कॉलनीच्या मागं लागले.

तेव्हा आमच्याकडं रस्ता नव्हता. नुसती काळी माती. पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन घरी यायचं. सोयरे फोनवरच विचारायचे, "वाट सुकली का?"

आप्पा रोज महापालिकेच्या ऑफिसात जाऊन बसायचे. साहेब नाहीत म्हटलं की म्हणायचे, "बसतो की. मला कुठं काम हाय?"

शेवटी वैतागून दिला बाबा त्यांनी सिमेंटचा रस्ता.

त्या दिवशी आप्पा त्यावरून अनवाणी चालून आले. आई म्हणाली, "पाय भाजतील." हे म्हणाले, "भाजू दे."

मग पलीकडं प्लॉटिंग सुरू झालं. मुरमाचे हायवा, म्हणजे ते मोठे डंपर, दिवसभर आमच्याच रस्त्यावरून. दोन महिन्यांत तडे.

आप्पांनी बैठक घेतली आणि कॉलनीच्या तोंडाशी लोखंडी कमान बसवून घेतली. दोन बाजूला दोन खांब, वर आडवा अँगल. कार जाईल, रिक्षा जाईल, छोटा टेम्पो जाईल. हायवा जाणार नाही.

पाण्याचा मोठा टँकरही जाणार नाही.

इथून भांडण पेटलं. उन्हाळ्यात पाणी म्हणजे काय, हे लातूरकरांना मी काय सांगू? टँकर कमानीबाहेर उभा राहायचा आणि बायका तिथून घागरी आणायच्या. मीपण आणल्यात. खांदे भरून यायचे.

शेजारचे बिराजदार काका तोंडावर म्हणायचे, "आप्पा, तुमचा रस्ता चाटून तहान भागती का?"

"छोटा टँकर मागवा की. रस्ता गेला तर परत कोण देतंय?"

दोघंही खरंच बोलत होते. हाच तर ताप आहे.

आप्पा गेले ते अचानक. सकाळी चहा पिता पिता.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला आडवं नेत नाहीत. फुलांनी सजवलेल्या विमानात बसवतात आणि खांद्यावर नेतात.

कॉलनीत निम्मी घरं आमचीच. पण कमान बसवताना सगळ्यांनी कार मोजली, रिक्षा मोजली, टेम्पो मोजला. विमान कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आप्पांच्यासुद्धा!

विमान कमानीपाशी येऊन अडलं.

भजन थांबलं.

"कमरेएवढं खाली घ्या, वाकून काढू," कुणीतरी म्हणालं. पुढचे वाकले, मागच्यांना कळलंच नाही. विमान तिरकं झालं आणि आप्पांची मान एका बाजूला कलली.

आई केवढ्यानं ओरडली!

"वाकवू नका त्यांना! जन्मात कुणापुढं वाकले न्हाईत."

"मग वहिनी, कमान..."

"कापा."

कोपऱ्यावरच रफिकभाईंचं फॅब्रिकेशनचं दुकान. कमान त्यांनीच बसवलेली. कटर घेऊन आले, पण हात चालेना. "ताई, आप्पांनी ऊन लागलं तरी इथं उभं राहून बसवून घेतलीय. मी कसं कापू?"

आई म्हणाली, "कापा भाई. त्यांना जाऊ द्या."

ठिणग्या उडत होत्या, लोक विमान खांद्यावर घेऊन उन्हात उभे, आणि आप्पा फुलांमध्ये ताठ बसलेले. मला रडूसुद्धा येईना.

रुद्रभूमीत माती देताना सगळे म्हणाले, "आप्पा, कमान लगेच बसवतो."

कसलं काय!

दुसऱ्याच दिवशी टँकर थेट दारात आला. बिराजदार काकांची सून हसत पाणी भरत होती. तिला काय बोलणार? तिच्या कमरेचं दुखणं मला माहीत आहे.

पण टँकरच्या मागून हायवाही आले.

आज आमचा रस्ता येऊन बघा. रस्ता कसला, नुसते सिमेंटचे तुकडे अन् धूळ. शाळेची रिक्षा आत येत नाही. परवा बिराजदार काकूंना छातीत दुखायला लागलं, तर कुणी रिक्षावाला आत यायला तयार नाही. काकांनी त्यांना स्कूटरवर मागं बसवून, ओढणीनं स्वतःशी बांधून नेलं. नशीब म्हणून वाचल्या.

आज पुण्यस्मरणाला सगळी कॉलनी जेवायला आली. आप्पांचं कौतुक तर असं चाललं होतं की विचारू नका. "आप्पा असते तर रस्त्याची ही दशा झाली नसती."

माझं डोकं सणकलं होतं. पण माझ्याआधी आई उठली. पदर खोचला आणि पंगतीसमोर उभी राहिली.

"कमान परत बसवायची."

वाढपी जागच्या जागी थांबले.

"आन् टँकर, वहिनी?" बिराजदार काका.

"बिजागरीची बसवू. टँकर आला की उघडायची. हायवा आला की न्हाई."

"रोज उठून कोण उघडणार?"

"मी. किल्ली माझ्याकडं ठेवा. मला कुठं काम हाय?"

काकांनी मान खाली घातली, मग अगदी हळू विचारलं, "आन् कुणाचं विमान आलं तर?"

आई म्हणाली, "आता पहिलं माझंच यायचं. किल्ली देव्हाऱ्यात असती, काढून घ्या. मला न्या."

मग पंगतीवर नजर फिरवून म्हणाली, "पण मी भाईर पडले की मागून कुलूप लावा, बाबांनो."

अजून कुणी हो म्हटलेलं नाही.

शरणु शरणार्थी, आप्पा.