आत्याचा आवाज पोचेना

माझ्या भाचीचं बारसं सातासमुद्रापार झालं आणि मी आत्या असून मोताळ्यात माहेरच्या बैठकीत लॅपटॉपसमोर बसले होते. आमच्या घरात बाळाचं नाव आत्या ठरवते आणि तिने कानात सांगेपर्यंत ते आईबापालासुद्धा कळत नाही. धाकट्या भावाने ही रीत तिकडेही सांभाळली होती. नाव तूच सांगायचं, कॉम्प्युटरवरून सांग, पण तूच, असं त्याने मला दिवस गेल्याचं कळवलं तेव्हाच बजावलं होतं.

या भावाला मी कडेवर वागवलेलं आहे. आई बाजाराच्या दिवशी वांगी-मिरच्या घेऊन बसायची आणि तो माझ्या काखेत असायचा. त्यामुळे त्याच्या लेकीच्या कानात पहिलं नाव माझ्याच तोंडून जावं, याची मला नुसती हौस नव्हती. मला भीती होती. पोरगी तिकडे वाढणार, आपल्याला फोटोतली बाई म्हणून ओळखणार, आणि आपला तिच्यावर हक्क म्हणावा असा हा एवढाच एक क्षण. मी दुसरबीडहून दोन एसट्या बदलून आले ती त्यासाठीच.

त्यांची सकाळ म्हणजे आमची दिवेलागण. आईने घुगऱ्या शिजवून ठेवल्या होत्या. लॅपटॉप भावानेच मागे ठेवलेला. मोबाईलला आमच्याकडे रेंज येते ती गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ, आणि तिथेही आवाज तुटतो. घरातलं नेट वायरीचं, थेट लॅपटॉपमध्ये खोचलेलं. तेव्हा जे काही होईल ते याच डबड्यातून होणार होतं.

चित्र झकास आलं. पाळणा दिसला, फुगे दिसले, काठाची साडी नेसलेली भावजय दिसली. भाऊ पडद्याच्या अगदी जवळ आला आणि म्हणाला, "ताई, बोल ना. काऊन गप बसली?"

"अरे, मी केव्हाची बोलून राह्यली!"

"तुहा आवाज येऊन नाही राह्यला."

मी मोठ्याने बोलले. मग आईने मला बाजूला सारलं आणि स्वतः ओरडली. आईचा आवाज पार चौकापर्यंत जातो, गल्लीतल्या एकीने तर "काय झालं वं?" म्हणून डोकावून पाहिलं. तिकडे मात्र भाऊ कानाला हात लावून मान हलवत राहिला.

मग सुरू झाली दुरुस्ती. तो कॉम्प्युटरमधलाच माणूस, त्यामुळे धीर होता. तो सांगायचा, मी करायची, आणि जमलं की नाही ते मानेने सांगायची. खाली माईकचं चित्र आहे, त्याच्यावर लाल रेघ आहे का? नव्हती. परवानगी दिली का? दिली होती. सेटिंगमध्ये जा, माईक कोणता निवडला ते पाह्य. निवडलेला बरोबर होता. त्याच्याखाली एक पट्टी असते, बोललं की ती हिरवी होऊन हलते. मी बोलले. पट्टी ढिम्म. आई म्हणाली, जोरानं बोल. मी जोराने बोलले, पट्टी ढिम्मच. लॅपटॉप बंद करून चालू केला. तो चालू होईस्तोवर आईने देवाला हात जोडले आणि मी मनातल्या मनात त्या मशीनच्या सात पिढ्या उद्धरल्या. माझं डोकं तसं लवकर तापतं, सासरी-माहेरी सगळ्यांना ते ठाऊक आहे.

पुन्हा चित्र आलं. पुन्हा आवाज नाही.

एव्हाना तिकडे बाळ रडायला लागलं होतं. आलेल्या बायकांना कामावर जायचं होतं, त्या हळूच घड्याळं पाहत होत्या. त्यात भावाची शेजारीण होती, पुण्याकडची, स्वभावाने गोड. भावजयीच्या बाळंतपणात तिनेच सगळं केलेलं. ती पडद्यासमोर आली आणि मला म्हणाली, "ताई, असं करू या का? तुम्ही नाव इथे लिहून पाठवा. मी बाळाच्या कानात सांगते. मीही तिची आत्याच की."

बोलणं अगदी सरळ होतं. त्यात वाईट काही नव्हतं, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. माझ्या डोळ्यांसमोर माझी जागा दुसरीला मिळत होती, आणि मला "थांबा" एवढंही म्हणता येत नव्हतं. तोंड उघडत होतं, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

"दे लिहून," आई हळूच म्हणाली. "लेकरू रडून राह्यलं. त्याले कायले ताटकळत ठेवतं?"

आईचं खरं होतं. मी एका बोटाने पहिलं अक्षर लिहिलं. पुढे बोट जाईना. ते अक्षर मी खोडलं आणि लिहिलं, "थांब." भावाने ते वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि शेजारणीला म्हणाला, "पाच मिनिटं द्या आम्हाला."

मग तो मला म्हणाला, "ताई, आता सेटिंग सोड. डोळ्यानं पाह्य. पडद्याच्या वरच्या पट्टीत कॅमेरा आहे. त्याच्या दोन्ही बाजूनं सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात का? तोच माईक आहे."

मी चष्मा लावून वाकले. भोकं दिसली नाहीत. तिथे हळदीकुंकू होतं.

झालं होतं असं, की बारशाला पाळण्याची पूजा होते आणि आमच्याकडे पाळणा नव्हता. मग दुपारी आईने ठरवलं की पाळणा याच्यातच दिसणार, तेव्हा हाच पाळणा. तिने लॅपटॉप पाटावर ठेवला, पाण्यात कालवून हळदीकुंकवाची बोटं त्याच्या कपाळावर ओढली. मधला कॅमेरा तेवढा सोडला, लेकराच्या डोळ्यात जाईल म्हणून. दोन्ही बाजूंना मात्र सढळ हाताने लावलं. बोटं वाळून घट्ट बसली होती. मी ती दुपारपासून पाहत होते, मला ती छानच दिसत होती.

मी भावाला लिहून कळवलं, "आईने पूजा केली. कुंकू." तो आधी हसला. मग हसता हसता त्याने चष्मा काढला आणि डोळे पुसले.

सुई घालू नको, पाणी लावू नको, कोरडा दातांचा ब्रश घे, असं तो म्हणाला. मी ब्रशने हलक्या हाताने घासत बसले. आई मागे उभी होती, पदर तोंडाला लावून पुटपुटत होती, "म्याच केलं वं माय. माह्याच हातानं लेकराचं काम अडलं..." आणि ती खालची पट्टी हिरवी झाली, हलायला लागली.

"ऐकू आलं, माय!" भाऊ ओरडला. "काऊन रडतं? काही नाही अडलं. असा पाळणा कोणी पुजला नसंन."

आई तर रडायचीच थांबेना.

आता माझी पाळी. नाव सगळ्यांना ऐकू जाऊन चालणार नव्हतं, म्हणून भावाने आवाज स्पीकरवरून काढून लहानशा इअरफोनवर घेतला आणि तो बाळाच्या कानाशी, जरा लांबच धरला. मी काय म्हणते ते तिकडे एकालाही ऐकू येणार नव्हतं. आवाज पोचतो की नाही, हे फक्त त्या सव्वा महिन्याच्या जिवाला कळणार होतं, आणि ते तर रडत होतं.

बायका पाळण्याभोवती जमल्या. आत्या कानात नाव सांगते तेव्हा तिच्या पाठीत बुक्क्या मारायच्या असतात. तिकडे पाठ नव्हती, म्हणून शेजारीण स्वतः पाळण्यावर वाकली आणि म्हणाली, "ताईंच्या वाटच्या मला मारा." त्या बाईबद्दल मनात जे काही आलं होतं, ते तिथेच गळून पडलं.

मी पडद्याच्या अगदी जवळ गेले. कुर्रर्र केलं आणि नाव घेतलं.

रडणं थांबलं. बाळाने तोंड तसंच उघडं ठेवलं, आणि मग मान हळूहळू इअरफोनच्या बाजूला वळवली. तिकडे कोणीच नव्हतं, नुसती भिंत होती. ती डोळे मोठे करून त्या भिंतीकडे पाहत राहिली.

"ताई," भावजय म्हणाली, "थे तुम्हाले शोधून राह्यली."

मी पुन्हा नाव घेतलं. मग पुन्हा. आईने बुक्की मारायला उचललेला हात माझ्या पाठीवर नुसताच ठेवला. भाऊ म्हणाला, "झालं ताई, पोचलं. आता उभा जन्म पडला आहे तिले हाक मारायले." पण मला कुठला धीर, मी नाव घेतच राहिले.