अंजूरच्या शेतात मातीखाली

नाशिकहून निघताना कॅमेऱ्याची पेटी मी मांडीवरच ठेवली. भिवंडीला उतरून अंजूरची रिक्षा धरली. यंत्रमागांचा खडखडाट मागे पडला आणि दोन्ही बाजूंना गोदामांच्या पत्र्याच्या भिंती लागल्या. "अंजूर में अब खेती बची है क्या, मॅडम?" रिक्षावाल्याने विचारलं.

गोदामांच्या मागे शेतकरी यमुनाताईंचं भात उभं होतं, थेट खाडीच्या बांधापर्यंत. लावणीच्या वेळी आमच्या शेती-संशोधन संस्थेने तिथे पारदर्शक नळ्या पुरल्या होत्या. नळीत बारीक कॅमेरा सोडायचा, मुळांचे फोटो घ्यायचे. जुन्या फोटोंवरून शिकवलेला संगणक मरणारी मुळं लाल रंगवून दाखवतो.

यमुनाताईंनी आधी तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) खायला लावली. मग कामाला लागलो. तीन नळ्यांत सगळं ठीक होतं. बांधाजवळच्या चौथ्या नळीत कॅमेरा सोडताच संगणकाचा पडदा तळापासून लाल झाला.

"पानं तं हिरवीगार हायत. तुझी मशीन खोटी तं न्हाय?"

खोटीच असू दे, असं मलाही वाटत होतं. मशीनला शिकवलं होतं आमच्या नाशिककडच्या काळ्या मातीतल्या फोटोंवर. यमुनाताईंनी हाताने खड्डा उकरला, तळाशी झिरपलेलं पाणी जिभेला लावलं आणि त्या थुंकल्या. "खारा हाय. आज उधान (मोठी भरती) हाय. चल!"

बांधाखालच्या खेकड्याच्या बिळातून पाणी गुळगुळ करत आत शिरत होतं. त्याचं तोंड बुजवायला मी खाडीच्या अंगाला उतरले आणि मांडीपर्यंत गाळात गेले. जितके पाय ओढले तितकी खाली. पाणी कमरेला आलं, मग बरगड्यांना.

"पाय वढू नको! आडवी हो, माझ्याकडं बघ!" यमुनाताई बांधावर पालथ्या पडल्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं. गाळात छाती टेकायला मला धीर होईना, शेवटी टेकली. एकेक पाय सुटला.

मग दोघींनी बांधावरची रिकामी पोती चिखलाने भरून बिळाच्या शेताकडच्या तोंडावर रचली आणि भरती उतरेपर्यंत त्यांवर बसून राहिलो. माझे दात वाजत होते.

नाशिकला परतल्यावर आठवड्याने यमुनाताईंचा फोन आला. "कोपरा पिवला पडला. बाकीचा भात उभा हाय. परत कधी येतंस?"

मी तारीख दिली. गाळाची भीती आता कमी झाली आहे. पण आता वेगळीच धास्ती आहे: पुढच्या खेपेला कॅमेरा खाली सोडून, वरून हिरव्या दिसणाऱ्या शेतात त्यांच्याशेजारी उभं राहायचं आहे, आणि पडदा उजळायच्या आधीच त्या विचारणार आहेत, "काय दिसतंय?"