दिवाबुरुजातला मुक्काम

सासूबाईंनी सगळ्या आयुष्यात एकदाच काही मागितलं, आणि ते मागितलं तेव्हा घरातल्या पुरुषांचा घास हातातच राहिला.

‘‘मले दिवाबुरुजावर राह्याले जाचं आहे,’’ त्या म्हणाल्या.

चांद्याच्या परकोटाच्या आत आमचं घर. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. सासरे वारलेले, घरात चुलत सासरे, म्हणजे काकाजी, म्हणतील ती पूर्व दिशा. माझा नवरा सरकारी नोकरीत, निम्मा महिना दौऱ्यावर. सासूबाई पहाटेपासून चुलीपुढे असायच्या आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायच्या. त्यांना कोणी तसं करायला सांगितलं असेल असंही वाटत नाही. ते तसंच होतं.

सिरोंच्याकडे प्राणहितेच्या पात्रात काळ्या दगडाचं एक बेट होतं. तो दगड धरतीच्या पोटातून वितळून वर आलेला, असं आम्हाला शाळेत शिकवलेलं. काठावरचे लोक त्याला नुसता ‘जळका दगड’ म्हणत. पूर्वी सागवानाचे तराफे नदीतून जायचे. ते या दगडांवर आपटून फुटू नयेत म्हणून एका लाकडाच्या ठेकेदाराने तिथे उंच बुरूज बांधून वर दिवा ठेवला होता. पुढे लाकूड ट्रकने जायला लागलं, दिवा विझला, आणि ठेकेदाराच्या मुलाने बुरुजात खाटा टाकून शिकारीला येणाऱ्या साहेबांसाठी हॉटेल काढलं. आमच्या शेजारच्या मुसलमान रंगाऱ्याचा मेहुणा तिथे खानसामा होता. रंगाऱ्याच्या बायकोकडून सासूबाईंनी हे सगळं ऐकलं होतं.

काकाजींनी विचारलं, ‘‘तिथी देऊळ आहे का?’’

‘‘नाई.’’

‘‘कोणी नातलग?’’

‘‘नाई.’’

‘‘मंग काऊन जाचं?’’

‘‘राह्याले.’’

‘‘विधवा बाईनं हॉटेलात राह्याचं?’’

‘‘देवाले जातो म्हटलं असतं तं तुम्हीच गाडी जुंपून देल्ली असती, भाऊजी. पण मले देवापाशी काही मागाचं नाई.’’

माझ्या नवऱ्याने मान खाजवली आणि ‘‘दौऱ्याहून आलो की पाहू, आई,’’ म्हणाला. तो दौऱ्यावर गेला आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी पत्र्याची पेटी काढली. तिच्यात आपलं लुगडं ठेवलं, वर माझं पातळ ठेवलं. ‘येतेस का’ असं त्यांनी विचारलं नाही. मीही ‘कशाला’ म्हटलं नाही.

चैत्र लागला होता. मोटारीत धूळ एवढी की सिरोंच्याला उतरलो तेव्हा आम्ही दोघी एका रंगाच्या झालो होतो. वाटेत जंगलात बाया टोपल्या घेऊन मोह वेचत होत्या, आणि सासूबाई खिडकीला कपाळ टेकवून प्रत्येक टोपलीकडे बघत होत्या. डोंग्यातून बेटावर गेलो. बुरुजाच्या दारात खानसामा उभा होता. दाढी पांढरी, अंगात बंडी.

तो म्हणाला, ‘‘बाई, मर्द माणूस संगं नसंल तं खोली देता येत नाई. मालकाचा हुकूम आहे.’’

‘‘खोलीले काय समजते, आत बाई आहे का बुवा?’’

‘‘मालक मले काढून टाकंल.’’

‘‘बरं. तुमची नोकरी नोका घालवू, भाऊ. मी इथी पायरीवर राह्यतो. पायरीचा काही हुकूम आहे का?’’

त्या खरोखरच बसल्या. मी पेटीवर बसले. डोंगा परत गेला होता. खानसामा आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. शेवटी हसला आणि किल्ली घेऊन आला. ‘‘माही बहीणही अशीच आहे,’’ म्हणाला.

जेवणाच्या वेळी तो अंतरावर उभा राहून म्हणाला, ‘‘तुमच्यासाठी वेगळी चूल मांडून देतो. भांडी नवी आहेत. तुम्ही रांधा.’’

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, उठतील. त्या काळी आमच्या घरात मुसलमानाच्या हातचं पाणीसुद्धा चालत नसे.

‘‘मी चुलीपासून सुटाले आली, भाऊ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही रांधलं ते वाढा.’’

गरम भात, वरण आणि वांग्याची भाजी होती. त्यांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते. तिखट लागलं का म्हणून मी विचारलं. ‘‘नाई वं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ऊन ऊन भात आहे.’’

मग मीही घास घेतला.

त्यानंतर त्या वरच्या दिव्याच्या खोलीत बसून राहायच्या. चारी बाजूंना काचा, खाली नदी, पलीकडे जंगलच जंगल. काहीही करायच्या नाहीत. वाती वळल्या नाहीत की जप केला नाही. एकदा मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, ‘‘कोणी हाक मारून नाई राह्यलं.’’

काकाजी आले ते भर दुपारी. डोंग्यातून उतरलेच नाहीत, तिथूनच ओरडले, ‘‘वहिनी, सामान उचला! सारा चांदा हसून राह्यला!’’

सासूबाई वर सज्ज्यात आल्या. मी आणि खानसामा खाली दारात उभे होतो. ‘‘हसू द्या. हसाले काही लागते का?’’

‘‘याच्या हातचं खाल्लं का तुम्ही?’’

‘‘खाल्लं. भाजी चांगली करते. तुम्ही या, जेवून जा.’’

काकाजी माझ्याकडे वळले. ‘‘सूनबाई, तू तं शिकली आहेस. समजाव हिले.’’

मी माहेरीसुद्धा वडील माणसांपुढे कधी बोललेली नव्हते. मी म्हणाले, ‘‘काकाजी, आम्ही शनिवारच्या मोटारीनं येऊ. तुम्ही उन्हात नका थांबू.’’

ते बोट रोखून म्हणाले, ‘‘असं आहे तं घरच्या चुलीले हात लावू देणार नाई, ध्यानात ठेवा!’’

‘‘पाळा बरं हा शब्द,’’ सासूबाई म्हणाल्या.

खानसाम्याने खाली नेलेलं ताट काकाजींनी परत पाठवलं. काठावरच्या झाडाखाली बसून त्यांनी बरोबर आणलेले मुरमुरे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशीची मोटार पकडली. आम्ही शनिवारीच निघालो.

शब्द त्यांनी पाळला. घरी आल्यावर आम्हा दोघींना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. काकाजींची बायको, म्हणजे काकू, आणि चुलत जावा रांधू लागल्या, आणि महिन्याभरात काकूंनीच भटजींना बोलावलं. गोमूत्र आलं, पाट मांडला. प्रायश्चित्त घेतलं की सगळं पहिल्यासारखं, असं ठरलं.

‘‘पहिल्यासारखंच तं नोको आहे,’’ सासूबाई म्हणाल्या आणि पाटावर बसल्या नाहीत.

माझा नवरा दोन्हीकडून बोलणी खात होता. अखेर त्याने मागच्या खोलीत वेगळी चूल घातली. तिथे आम्ही दोघी आळीपाळीने रांधत असू, आणि सगळे एकदमच जेवत असू.

हे फुकट झालं नाही. पुढच्या वर्षी सासूबाईंच्या सख्ख्या भावाने मुलीचं लग्न केलं आणि आम्हाला बोलावलं नाही. ती मुलगी त्यांनी अंगाखांद्यावर वाढवलेली. वरात आमच्याच गल्लीतून गेली. त्या दाराशी उभ्या राहून पाहत होत्या. मी सासूबाईंना म्हटलं, ‘‘आत्याबाई, आत चला.’’

‘‘काऊन?’’ त्या म्हणाल्या. ‘‘लपाले मी काय चोरी केली?’’

वाजंत्री लांब जाईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग आत येऊन खूप रडल्या.

भाऊ पुढे कधीच आला नाही. त्या गेल्या तेव्हाही नाही. प्रायश्चित्त त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. मीही नाही.