सिंधूवहिनींच्या गाडीचा चार्जर

तीन मित्रांनी मिळून एक जुनी गाडी घेतली की किस्से शोधत फिरावं लागत नाही. सीटखाली शेंगांची टरफलं साचतात तसे तेही साचत जातात. आमच्याकडे तर टरफलांपेक्षा किस्सेच जास्त झालेत!

मनोहर, गुणवंता आणि मी, तिघेही नागपूरचे आणि तिघेही रिटायर्ड. आम्ही एक जुनी मिनीबस घेऊन आत पलंग, ओटा, पंखा बसवला आणि तिचं फिरतं घर केलं. हे सगळं मनोहरच्या बायकोसाठी, सिंधूवहिनींसाठी. झोपेत वहिनींचा श्वास अडकतो. धंतोलीच्या डॉक्टरांनी रात्री तोंडावर लावायला एक मशीन दिलंय, ते विजेवर चालतं. वहिनींचं माहेर उमरेडच्या पलीकडे, आणि तिथली लाइट केव्हा जाईल याचा नेम नाही. त्यामुळे कित्येक वर्षं त्या माहेरी सकाळी जातात आणि संध्याकाळी परत येतात. एक रात्र माहेरी झोपावं, एवढीच त्यांची हौस.

मनोहर एकदा उसळून म्हणाला, "सासरवाडीत लाइट नाई तं नाई! मी लाइट घेऊनच जातो!"

म्हणून गाडीत इंजिनाच्या बॅटरीशिवाय दुसरी, घरापुरती बॅटरी आली. ती भरायला चार्जर हवा. तिथून पुढे आमच्या डोक्याला शांतता नाही.

*

चार्जर घ्यायला आम्ही महाल भागातल्या बाजारात गेलो. मनोहरनं दुकानात पाय ठेवताच फर्मान सोडलं, "सर्वात मोठा दाखव."

दुकानदारानं बॅटरी केवढी ते विचारलं आणि म्हणाला, "काका, शंभरच्या बॅटरीले दहा अँपिअरचा पुरते. जास्त मोठा लावला तं बॅटरी तापन."

"अरे, पण लवकर भरली पायजे नं!"

गुणवंता पूर्वी एसटी चालवायचा, त्यामुळे चाकं असलेल्या प्रत्येक वस्तूतलं आपल्याला कळतं असं तो मानतो. तो म्हणाला, "मन्या, तू एका घासात पाच पोळ्या खाशील का गा?"

मनोहरनं अगदी मनापासून विचार केला.

"पाटोडीचा रस्सा असन, तं खाईन!"

शेवटी दहाचाच घेतला. बॅटरी भरली की आपोआप थांबणारा.

*

एप्रिलात चार्जर रुसला. दिवा लुकलुकायचा, पण बॅटरी भरायची नाही. गुणवंतानं फ्यूज पाहिले, तारा घट्ट केल्या, बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा बुरा घासून काढला. काही उपयोग नाही. चार्जर उचलून दुकानात नेला, तर तिथं शहाण्या मुलासारखा चालला! घरी आणला की परत तेच.

दोन दिवस आमचा हा तमाशा पाहून वहिनी म्हणाल्या, "अहो, त्याच वायरीवर कूलर लावून ठेवला नं तुमी. एकडाव तो बंद करून पाहा."

अंगणातून गाडीपर्यंत एकच लांबलचक, बारकी वायर गेली होती. कूलर तिच्यावरची सगळी वीज ओढून घेत होता. कूलर बंद केला आणि चार्जर गुणगुणायला लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या. थोड्याच वेळात मनोहर बनियन पिळत उठला आणि त्यानं चार्जरचं बटण बंद केलं.

"बॅटरी उद्या भरू गा. पयले माणूस वाचला पायजे!"

दुसऱ्या दिवशी चार्जरसाठी वेगळी जाड वायर टाकली.

*

खांडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांबरोबर चार्जरची आणि बॅटरीचीही पूजा झाली. बॅटरीच्या प्लसच्या टोकावर लाल खूण असते. वहिनींनी दोन्ही टोकांना ठसठशीत कुंकू लावलं!

दसरा झाल्यावर गुणवंता चष्म्याशिवाय तारा जोडायला बसला. लाल चिमटा लाल खुणेला, हा त्याचा नियम. त्याला जी लाल खूण आधी दिसली तिला त्यानं चिमटा लावला. फट्ट! चार्जर गप्प.

"वहिनी, लाल फक्त प्लसले असते वं!"

"अन् मायनसनं काय घोडं मारलं? तेबी रोज काम करूनच राहिलं नं!"

गुणवंतानं चष्मा लावून चार्जर उघडला. नशीब, फक्त फ्यूज उडाला होता. आता आमच्याकडे मायनसला हळद लावतात.

*

माहेरी जाण्याआधी एक रात्र तालीम करायची म्हणून मौद्याजवळ मुक्काम टाकला. निघताना चार्जरचा हिरवा दिवा लागलेला, म्हणजे बॅटरी फुल्ल. तरी जेवायला बसलो आणि पंखा, दिवे सगळं बंद! समोर वीज केंद्राच्या चिमण्या लखलखत होत्या.

गुणवंता म्हणाला, "साऱ्या दुनियेले वीज देनारं गाव, अन् आपन मोबाइलच्या उजेडात वांगं शोधून राहिलो!"

घरी परतल्यावर वहिनींनी उलटतपासणी घेतली. "हिरवा दिवा किती वेळानं लागला होता?"

"अर्ध्या तासात!" मनोहर अभिमानानं म्हणाला.

"रिकामी बॅटरी, अन् अर्ध्या तासात पोट भरलं म्हनते? चार्जर बरा हाये. बॅटरीच आजारी हाये. कुठून आनली होती?"

मनोहर छताकडे पाहू लागला. बॅटरी सेकंडहँड होती, हे आम्हाला तेव्हा कळलं!

*

शेवटी कोरी बॅटरी भरून आम्ही वहिनींच्या माहेरी पोचलो. वाऱ्यानं तार तुटली होती आणि आदल्या दिवसापासून गावात लाइट नव्हती. मनोहरच्या अंगात जावई संचारला. "या, या! आपल्या गाडीत लाइट हाये!"

गाव आलं. मोबाइल आले, टॉर्च आले, फवारणीचे बॅटरीवाले पंपसुद्धा आले. सूर्य मावळेपर्यंत आमची बॅटरी संपत आली आणि टूं टूं करायला लागली.

वहिनींनी परत निघायची तयारी सुरू केली. मशीन पिशवीत घातलं आणि साडीची घडी करायला लागल्या. मनोहरचं तोंड पाहवत नव्हतं. मलाही फार वाईट वाटलं.

वहिनींची धाकटी बहीण प्रमिला दारात उभी होती. तिनं ती पिशवी पाहिली आणि तडक गल्लीत गेली. परत आली ती दहा-बारा माणसं आणि डीजेवाल्याचा जनरेटर घेऊनच! ताईची झोपमोड नको म्हणून तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, मारुतीच्या देवळामागे ठेवला. कोणी शेतातल्या मोटारीची जाड वायर आणली आणि ती पार गाडीपर्यंत ओढली. आमचा चार्जर चालू झाला. वहिनींनी मशीन पिशवीतून काढलं. आम्ही तिघं देवळात आडवे झालो.

सकाळी प्रमिलाच्या ओसरीवर निम्मं गाव बसलं होतं. सगळ्यांचे डोळे लालभडक. कोणी जांभई देत होतं, कोणी बसल्या बसल्या पेंगत होतं. गुणवंता कानात बोट घालून हलवत म्हणाला, "बाप्पा! अजून डोक्यात चालूच हाये तो जनरेटर!"

तेवढ्यात वहिनी गाडीतून उतरल्या. चेहरा टवटवीत. अंगणात येऊन त्यांनी मोठा आळस दिला.

"काय शांत गाव हाये वं प्रमिला! किती वर्षांनी अशी झोप लागली!"

प्रमिलानं पदराआड जांभई दिली आणि ताईच्या हातात चहाचा कप ठेवला.

"मंग आजची रातबी राहा नं वं, ताई."