हडळीचं माहेर

थिएटरमधले दिवे गेले की अक्का बायकांच्या बाकांमधून फिरायच्या आणि घाबरलेल्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, "भिऊ नका व माय, मी शे ना."

ऐंशीच्या दशकात पाचोऱ्याच्या एका टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर अक्का होत्या, शेजारच्या तिकीट खिडकीवर मी; खिडकी बंद केली की मीही आत दारापाशी. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेलच; पडद्यापेक्षा तिच्याकडेच बघत बसावं अशी.

सासूने विहिरीत ढकललेली सून हडळ होऊन परत येते, असा एक भुताचा पिक्चर आमच्याकडे खूप चालला. बायका किंचाळायच्या आणि पुन्हा यायच्या. अक्कांना मात्र त्या हडळीची माया लागली होती. पडद्यावरची सासू पळायला लागली की त्या खुशाल हसायच्या.

पुढे त्याचा दुसरा भाग आला. एरंडोल-धरणगावहून बायका आल्या. पण ना विहीर, ना हडळ! कुणी नवाच हिरो बर्फात मोटारसायकलवर स्मगलरांच्या मागे लागलेला. मध्यंतरात बायकांनी अक्कांनाच धारेवर धरलं. त्या गलक्यात आमच्या गल्लीतली एक तरुण सून, सासूशेजारी बसलेली, हळूच म्हणाली, "अक्का, तिचं पुढे काय झालं?" लग्नापासून या सुनेला कुणी माहेरी धाडलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

अक्का तिच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "ती तिना माहेरले गई."

आणि सांगायलाच बसल्या. हडळ ओलेत्यानेच आईच्या दारात उभी राहिली. भाऊ घाबरून घराच्या धाब्यावर चढला, शेजारी पळाले. आई मात्र भ्यायली नाही. तिने लेकीचे केस पुसले, गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं, आणि भावाला खाली बोलावून पाणी भरायला लावलं. बायका हसून हसून लोटपोट झाल्या. मागे पिक्चर पुन्हा सुरू झाला, गोळ्या सुटत होत्या. बायकांच्या बाजूला कुणी पडद्याकडे मान वळवून पाहिलं नाही.

बाहेर पडताना ती सासू पदराने डोळे टिपत होती. सुनेला एवढंच म्हणाली, "उद्या सकाळची गाडी धर. तुझे सासरे सोडायला येतील."

काही वर्षांनी अक्का लेकीकडे सुरतेला निघाल्या. आम्ही स्टँडवर पोचवायला गेलो. त्या खिडकीतून काहीतरी सांगत होत्या, तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली. गाडी वळली तेव्हा दिसलं, पुढच्या बाकांवरच्या बायका मागे तोंड करून, गुडघ्यांवर बसून, त्यांचं ऐकत होत्या.