ऑपरेशनच्या दिवशी अक्का चहाला गेली होती

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगतो, अर्ध्याअधिकांवर हसलोय. जुन्या जालन्यात कापडाच्या होलसेल दुकानात माझी बावीस वर्षं गेली. मीटर लावून मोजता येतं तेवढंच खरं, असा माझा स्वभाव. देवळात जातो, पण कुणाला काही दिसलं, कुणाचा भास झाला... बिलकुल पटत नाही. तरी हे लिहितोय. कारण यात मी स्वतः होतो, आणि ज्या दोघींची ही गोष्ट आहे त्या दोघीही आज आहेत. कुणीही जाऊन विचारावं.

माझी मोठी बहीण शोभा. मी तिला अक्का म्हणतो. कुंभार पिंपळगावला दिलेली. दाजींची शेती थोडकी, पण अक्काच्या हाताला चव. तिनं आणि शेजारच्या लतानं मिळून पापड-कुरडयांचं काम चांगलं वाढवलं होतं. बाजाराच्या दिवशी दोघींची एकच ताडपत्री. गिऱ्हाइकासमोर भांडायच्या आणि घरी येऊन एकत्र चहा प्यायच्या.

मग अक्काच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर.

ऑपरेशन आणि केमो सरकारी योजनेत बसले, नाही असं नाही. पण योजनेबाहेर किती खर्च असतो हे ज्याच्या घरी आलं त्यालाच कळतं. गाडीभाडं, बाहेरून करायच्या तपासण्या, दाजींचा बुडालेला रोज, सोबतच्या माणसाचं खाणंपिणं. अक्का तपासण्यांसाठी जालन्यात मस्तगडला आमच्याकडे येऊन राहायची. मी दर खेपेला सुट्टी टाकायचो आणि मालक पगार कापायचा. गावाकडची म्हैस विकली. अक्काचे कानातले गेले. "कान हलके झाले रे संजू," म्हणाली, आणि हसली.

हसणं थांबलं ते वेगळ्याच गोष्टीनं. गावात कुणीतरी उठवलं की हा रोग हातातून लागतो. झालं... पापडाच्या ऑर्डरी बंद. बायका दारातूनच "कसं हाय?" विचारून पुढं जायच्या. लता तर तेवढंही येईना. शेवटी अक्काच तिच्या घरी गेली. लतानं बसवलं, चहाही दिला — पण कागदाच्या कपात.

रात्री अक्काचा फोन आला. "गाठीचं मला काही वाटत न्हाई रे. पण लतीनं मला कागदाचा कप दिला..." एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली. त्यानंतर तीन महिने दोघी बोलल्या नाहीत.

ऑपरेशन संभाजीनगरला, मंगळवारी. साडेनऊला आत न्यायचं होतं. दाजी रक्तपेढीच्या रांगेत होते, अक्काजवळ मी एकटाच. सिस्टर म्हणाल्या, बांगड्या काढा. काचेच्या बांगड्या, निघता निघेनात. साबण लावून एकेक काढली, त्यात एक तडकली. अक्कानं सगळ्या माझ्या रुमालात बांधल्या आणि माझ्या शर्टाच्या खिशात कोंबल्या.

"भ्याव वाटतंय का?" मी विचारलं.

"न्हाई," म्हणाली. पण माझं बोट लहानपणी धरायची तसं घट्ट धरलं होतं.

दोन वाजता बाहेर आणलं. हळूहळू शुद्ध येत होती. शेजारच्या खाटेवरची बाई सारखी पाणी मागत होती. आमची अक्का डोळे मिटूनच पुटपुटली, "साखर लई झाली." सिस्टर हसल्या. "भूल उतरताना काहीही बोलतात." मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास वॉर्डच्या दारात लता उभी. हातात डबा, डोळे सुजलेले. पहाटेच्या बसनं निघाली होती. झोपलेल्या अक्काकडे, तिच्या छातीवरच्या पट्ट्यांकडे बघून ती जागीच थबकली. मला हातानं खूण करून बाहेर बोलावलं.

"भाऊ, ऑपरेशन आज व्हायचं होतं ना?"

"न्हाई. कालच झालं. साडेनऊला आत नेली, दोनला बाहेर आणली."

लता मटकन बाकावर बसली. "मंग काल अकराला माझ्या घरी कोण आल्तं?"

मला वाटलं, प्रवासानं हिला चक्कर आलीय. पाणी दिलं. ती सांगू लागली.

"मी डाळ निवडून राह्यले होते. शोभी आली, पहिल्यासारखी सरळ चुलीपाशी येऊन बसली. म्हणली, 'चहा ठेव लते.' मला वाटलं, तारीख पुढं गेली म्हणून घरी आली असंल. मला इतकं बरं वाटलं भाऊ... घाईत साखर दोनदा पडली. माझ्या रोजच्या पेल्यात दिला तिला. प्याली, आन् म्हणली, 'साखर लई झाली.'"

भुलीतलं ते वाक्य ऐकलं होतं मी आणि सिस्टरांनी. दाजींनाही सांगितलं नव्हतं.

"हात उघडे दिसले तिचे. म्हणलं, बांगड्या कुठं गं? तर म्हणली, 'संजूच्या खिशात हायेत. एक तडकली.' जाताना म्हणली, 'उद्या ये तिकडं. मला एकटीला भ्याव वाटतंय.' म्हणून आले मी."

कालचाच शर्ट अंगात होता. मी रुमाल काढून तिच्यासमोर सोडला. लतानं तडकलेली बांगडी उचलली आणि तोंडाला पदर लावला.

माझी खात्री होईना. मी तिथूनच तिच्या सासूला फोन लावला. म्हातारी उलट माझ्यावरच खेकसली, "अरे, माझ्या म्होरून गेली की शोभी! मी म्हणलं जेवून जा, तर थांबली न्हाई." सव्वाशे किलोमीटरवरचं गाव. अक्का त्या वेळी टेबलावर होती.

मग अक्काला सांगितलं. "मास्क लावला, एवढंच आठवतं मला," म्हणाली. मग म्हणाली, "पण बरं झालं गेले ते."

लता आठ दिवस दवाखान्यात राहिली. अक्काच्याच ताटात जेवली, खाटेखाली चटई टाकून झोपली. गावी गेल्यावर तिनं अक्काला पुन्हा ताडपत्रीवर बसवलं. अक्कानं तळलेला पापड लता भर बाजारात सगळ्यांदेखत मोडून खायची आणि दुसरा समोरच्या बाईच्या हातात द्यायची. बऱ्याच ऑर्डरी परत आल्या, सगळ्या नाही. काही घरं अजून घेत नाहीत. तपासणीच्या खेपाही चालू आहेत, म्हैस काही परत आलेली नाही.

मी सगळे तर्क लावून पाहिले. फोन, योगायोग, लताच्या मनातला सल... बांगड्यांपाशी आणि साखरेपाशी येऊन सगळे अडतात. तिथल्या डॉक्टरांना विचारलं, ते नुसते हसले.

मध्यंतरी गावी गेलो तेव्हा लताला एकटीला गाठून विचारलं, "खरं सांग, नंतर भ्याव न्हाई वाटलं तुला?"

ती पीठ मळत होती. हात थांबवले नाहीत.

"भाऊ, तीन महिने भिऊनच तर बसले होते घरात. त्या दिवशी कोण आल्तं, मला ठाऊक न्हाई. पण मी गेले न्हाई म्हणून तिला यावं लागलं, एवढं मला कळतं."